अभ्यासिकेतल्या मुलांना दुसरी वाटही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावी अभिनंदनाचे फलक लागतात, गुलाल उधळला जातो, आणि ते योग्यच आहे. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी अधिकारी झाली तर गावाला अभिमान वाटणारच. मात्र त्याच अभ्यासिकेत बसणारी, पण यादीत नाव न आलेली मुले पुढे काय करतात, याची चौकशी कोणी करीत नाही. राज्यसेवेसाठी खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षे वयापर्यंत अर्ज करता येतो. ही सवलत अनेकांना आधार देणारी असली, तरी थांबायचे कधी हे ठरवण्याचा भार त्यामुळे सगळा उमेदवारावर येतो, आणि 'एवढी वर्षे घातलीस, आता आणखी एकदा बस' असे म्हणणारी घरची माणसे तो भार वाढवतात.

त्यातच राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. या बदलामागचा हेतू मला पटतो. तरीही दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याचा सराव वर्षानुवर्षे केलेल्या, खेड्यातून येऊन खोलीभाडे आणि मेसचा खर्च कसाबसा भागवणाऱ्या मुलांपुढे नव्याने लिहायला शिकण्याचा जो डोंगर उभा राहिला, त्यात त्यांच्या कष्टांची उणीव नव्हती. अशा वेळी वाट बदलणाऱ्याला आपण 'सुटला' असे न म्हणता 'हरला' म्हणतो, हे मला अन्यायाचे वाटते.

शाळेत शिकवताना दहावीच्या पालकसभेत 'आयटीआय' म्हटले की पालकांचे चेहरे पडत. नापासांची जागा अशीच त्यांची समजूत असे. (चेहरा न पडणारे पालक बहुधा स्वतः एखाद्या फौंड्रीत काम करणारे असत.) वास्तविक आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे एखाद्या व्यवसायाचा अभ्यासक्रम, पूर्ण केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथे कारखाने असलेल्या जिल्ह्यात तरी ही माहिती घरोघरी असायला हवी होती. पदवीनंतर स्पर्धा परीक्षेकडे वळलेल्या मुलालाही मशीन चालवणे, गुणवत्ता तपासणी, हिशेब किंवा विक्री यांपैकी काही शिकता येते. फक्त ते तिशी उलटण्याआधी कोणीतरी सांगावे लागते.

ध्येय सोडूनच द्यावे, असे माझे म्हणणे नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने रेल्वेत नोकरी करीत नेमबाजी चालू ठेवली आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. त्याची गुणवत्ता प्रत्येकात असणार नाही, हे खरे. पण हाताशी उत्पन्न ठेवून मोठ्या गोष्टीचा पाठलाग करण्याची त्याची रीत सर्वांना घेता येण्यासारखी आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, त्यामागे शिकू इच्छिणाऱ्या मुलाला शहरात राहायला जागा नाही, ही नेमकी अडचण त्यांनी ओळखली होती. आजची अडचण बरीचशी माहितीची आणि थोडी लाजेची आहे. ती दूर करण्यासाठी शहरातील अभ्यासिकांनी आणि महाविद्यालयांनी महिन्यातून एक दिवस कारखानदार, आयटीआयचे निदेशक आणि बँकेतील माणसे बोलवावीत, आणि क्लासचालकांनी पहिल्या दिवशीच विद्यार्थ्याकडून पर्यायी वाट लिहून घ्यावी. आपल्या दैनिकानेही निकालाच्या दिवशी यशस्वी उमेदवारांच्या मुलाखतींशेजारी, तयारी थांबवून दुसऱ्या कामात स्थिरावलेल्या एखाद्याची हकीकत छापावी. त्याने ते कधी आणि कसे ठरवले, याबरोबर पहिल्या वर्षी त्याला पगार किती मिळाला तेही त्यात यावे, कारण पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
राजारामपुरी, कोल्हापूर