वारशाच्या निधीतून कारागीर टिकावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिकेच्या अंदाजपत्रकात काटछाटीची वेळ आली की कला आणि वारसा या शीर्षाखालची रक्कम आधी कमी होते. 'लोकांच्या पोटापाण्याचं बघा, नाटकं आणि जुन्या इमारती नंतर' असे म्हटले जाते. हे ऐकून मला वाईट वाटते, कारण मी स्वतः जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीवर देखरेख करण्यात आयुष्य काढले आहे. त्या भिंतींवर किती घरांच्या चुली पेटल्या, हे मी पाहिले आहे.

नव्या बांधकामातला बराच पैसा सिमेंट, पोलाद, काच आणि यंत्रे यांवर खर्च होतो आणि त्यातला पुष्कळसा शहराबाहेर जातो. दुरुस्तीत माल थोडा, मजुरी जास्त. एका भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायच्या तरी आधी खराब झालेला चुना छिन्नीने हलक्या हाताने काढायचा, फट धुऊन ओली करायची, नवा चुना दाबून बसवायचा आणि पुढे कितीतरी दिवस ओल्या गोणपाटाखाली त्याला जपायचे. घाई केली की तडे जातात. तिथे सिमेंट थापले तर ओल आत कोंडते आणि काही वर्षांत दगडाचेच पापुद्रे सुटू लागतात. ही सगळी हाताची कामे आहेत.

रंगभूमीचेही तेच. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले, की चार वादकांची रचना वाजवायला पूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. इतर धंद्यांत यंत्रांमुळे वेळ वाचतो आणि मजुरी वाढत जाते; इथे मजुरी वाढते, पण वेळ वाचत नाही. म्हणून कला इतर गोष्टींच्या तुलनेत महाग होत जाते. हिशेब पाहणाऱ्यांना यात दोष दिसतो. ज्या शहराला रोजगार हवा आहे, त्याने मात्र हा खर्च कोणाच्या हातात पडतो ते पाहावे. नेपथ्य उभारणारे, दिवे सांभाळणारे, कपडे शिवणारे, तिकीट खिडकीवर बसणारे, सगळे बहुतेक त्याच शहरात राहतात आणि तिथेच खर्च करतात.

कलेमुळे अमुक इतके पर्यटक येतील, या मोठमोठ्या अंदाजांवर माझी भिस्त नाही. माझी तक्रार निधी देण्याच्या पद्धतीबद्दल आहे. एका कामावर एक तरुण गवंडी माझ्या हाताखाली तीन वर्षांत चुन्याचे काम शिकला. चुना नीट मळला गेला की नाही हे तो थापी उलटी धरून दाखवायचा. चुना खाली पडला नाही तरच कामाला घ्यायचा. मग निधीचा पुढचा हप्ता आला नाही आणि परांच्या उतरल्या. दोन वर्षांनी काम पुन्हा निघाले तेव्हा तो फरश्या बसवण्याच्या धंद्यात स्थिरावला होता. मी बोलावले तर म्हणाला, "काका, परत सहा महिन्यांनी बंद पडलं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हते. नव्या माणसांना आम्ही पहिल्यापासून शिकवायला घेतले, आणि तोवर जो भाग बिघडला तो बिघडलाच.

पॅरिसच्या नोत्र दाम या जुन्या, मोठ्या चर्चला २०१९ मध्ये आग लागली तेव्हा काही दिवसांत कोट्यवधी युरोंच्या देणग्या जाहीर झाल्या. पण छताच्या ओकच्या तुळया कुऱ्हाडीने तासणारे हात काही दिवसांत तयार होत नाहीत. फ्रान्समध्येच गेदलों येथे १९९७ पासून मध्ययुगीन पद्धतीने एक किल्ला बांधला जात आहे. तिथे हात बसलेले सुतार नोत्र दामच्या कामाला मिळाले. डिसेंबर २०२४ मध्ये नोत्र दाम पुन्हा उघडले, त्यात या सुतारांचाही वाटा आहे. फ्रान्समधल्याच स्ट्रासबर्ग शहराच्या कॅथेड्रलची, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चची, देखभाल पाहणारी संस्था तर तेराव्या शतकापासूनची. ती शहराच्या प्रशासनाखाली चालते आणि तिच्याकडे आजही स्वतःचे पाथरवट व शिल्पी आहेत. अशा कार्यशाळांच्या कारागिरीची परंपरा २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत घेतली गेली. शहराने मनावर घेतले तर पिढ्यान् पिढ्या पगार देता येतो, हे तिथे दिसते.

म्हणून नगरसेवकांना माझी विनंती आहे. उद्घाटनाच्या कोनशिलेपुरती मोठी रक्कम एकदाच देण्याऐवजी तिचा काही भाग दरवर्षी, निदान पाच वर्षांच्या हमीने, नित्य देखभालीसाठी राखून ठेवा. मंजूर झालेली बिले वेळेवर चुकती करा, कारण छोट्या नाट्यसंस्था आणि कारागीर उधारीवर टिकत नाहीत. निविदेत सर्वांत कमी दरासोबत चुन्याचे, लाकडाचे काम येणारी माणसे कोण आहेत तेही विचारा. आणि प्रत्येक कामावर दोन शिकाऊ मुले-मुली पूर्ण मजुरीवर घेणे बंधनकारक करा. माझ्यासारख्यांना अजून परांचीवर चढता येते तोवर आम्ही त्यांना शिकवू.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक