बंगला दिसला, त्यातली पोरं नाही दिसली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नगरच्या अमेरिकन मिशनवर अर्धं पान लेख आला होता, दोनदा वाचला. शाळा, दवाखाना, दुष्काळ, धर्मांतर सगळं आलंय, आणि शेवटी लेखकाने जाता जाता एक वाक्य टाकलंय की ही गोरी मंडळी मोठाल्या बंगल्यात नोकरचाकर ठेवून ऐषारामात राहायची. आता बंगले मोठे होते हे खरंच, व्हरांड्यात आमचा आत्ताचा टू बीएचके सहज बसेल, आणि नोकरही होते, मला चांगलं माहितीये कारण त्यातली एक माझी आजी होती, आईची आई. १९३० नंतरची सात-आठ वर्षं ती एका मिशनरी कुटुंबाकडे आया होती. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा पण मधलं कापू नका.

आधी जुनं थोडं सांगतो. याच मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ ला मुंबईत उतरला, आणि १८२६ ला नाशिककडे दौऱ्यावर असताना पटकीच्या (म्हणजे कॉलऱ्याच्या) रोग्यांना जवळची औषधं वाटत फिरला आणि शेवटी स्वतःच पटकीने गेला. बायको त्याआधीच दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली होती, त्यातलं एक मूल वाटेत बोटीवरच वारलं. सुएझ कालवा १८६९ चा, त्याआधी सगळं आफ्रिकेला वळसा घालून, पत्राला महिनेच्या महिने लागायचे, तेव्हा कुणाची खबर कुणाला कधी कळली असेल याचा नुसता विचार करा. नगरचं ठाणं डिसेंबर १८३१ चं. तिथल्या पहिल्या तीन मिशनऱ्यांतला हर्वी, त्याची बायको भारतात पाय ठेवून दोन-तीन महिने होतात न होतात तोच मुंबईत वारली, आणि पुढच्या मे महिन्यात तो नगरला पटकीनेच गेला. ह्यूम साहेब तर नगरकरांना माहिती आहेत, १९०० च्या दुष्काळातल्या कामासाठी सरकारने कैसर-ए-हिंद मेडल दिलं ते. पण ते मुंबईत जन्मले आणि सात वर्षांचे असताना घरचे सगळे परत निघाले तेव्हा वडील बोटीवरच वारले (१८५४), आईने एकटीने अमेरिकेत पोरं वाढवली, हे लेखात कुठेय? आणि गंमत बघा, तोच पोरगा शिकून १८७४ ला परत इथेच आला. मिशनऱ्यांची पोरं मिशनऱ्यांच्याच पोरींशी लग्न करायची, बॅलंटाइन, फेअरबँक, ह्यूम, बर्जेस सगळे एकमेकांचे सोयरे, आपल्याकडे गावातल्या गावात सोयरीक करतात तसंच. ह्यूम साहेबांची पहिली बायको बर्जेसांची, ती क्षयाने गेल्यावर दुसरी फेअरबँकांची. (हे थोरले फेअरबँक नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याला राहून गोगलगायी आणि पक्षी गोळा करायचे, दक्षिणेतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव आहे. माणसाला छंद पाहिजे.)

आता आजीचं. तिच्या मडमेला आल्या आल्या मराठी शिकावं लागलं, नुसत्या साहेबाने शिकून भागायचं नाही, दोघांनी पंडिताकडे बसायचं आणि परीक्षा द्यायची. परीक्षा पास झाली तरी एकदा पाहुण्यांसमोर आमटी अळणी लागली म्हणून मडम स्वयंपाक्याला म्हणाली, बाबा मला मिठी दे. तो बिचारा ट्रे घेऊन जो आत गेला तो पाहुणे जाईपर्यंत बाहेरच आला नाही. आजी हे सत्तराव्या वर्षीही पदर तोंडाला लावून सांगायची.

ऐषाराम म्हणाल तर अमेरिकेतल्या चर्चची मंडळी प्रेमाने खोके पाठवायची, त्यात काय निघेल सांगता यायचं नाही. एका वर्षी भर एप्रिलात खोकं उघडलं तर आत लोकरीचे हातमोजे, डझनभर! नगरचा उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे. आजीने त्यातली एक जोडी चुलीवरचं पातेलं उतरायला घेतली, ती माझ्या लहानपणापर्यंत घरात होती, एका अंगठ्याला भोक पडलेली. आणि ती मंदीची वर्षं, मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या बोर्डाकडून येणाऱ्या पैशाला कात्री लागली तसं घरात विकतचं लोणी बंद झालं, मडम स्वतः साय साठवून घुसळायला लागली. मग आजीचाही पगार कापला, हेही लिहितो, नाहीतर म्हणाल एकच बाजू सांगतोय.

पण खरं सांगायचंय ते पोरांचं. घरात दोन मुलं, मोठा मुलगा आणि धाकटी. मोठा आठ वर्षांचा झाला की कोडाईकनालला मिशनऱ्यांच्या पोरांच्या शाळेत जाणार हे आधीपासून ठरलेलं (ती शाळा १९०१ ची, अजून आहे). नगर स्टेशनवरून दौंड, तिथून मद्रासकडे, मग पुढे कोडाई रोड स्टेशन आणि वर घाट, दोन-तीन दिवसांचा प्रवास. सुट्ट्या पण आपल्या उलट्या, आपली पोरं मे महिन्यात मोकळी, त्यांना मोठी सुट्टी थंडीत, म्हणजे घरी यायचं ते नाताळला धरून. उन्हाळ्यात जमलं तर आईच वर जायची, साहेब इकडे दौऱ्यावर. जायच्या आधी पंधरा दिवस व्हरांड्यात ट्रंक उघडी पडलेली असायची आणि प्रत्येक कपड्यावर, चड्डीपासून रुमालापर्यंत, नावाची पट्टी शिवायची. मडम निम्म्या शिवायची, निम्म्या आजी. आजीला इंग्रजी अक्षर ओळखीचं नव्हतं, तिने सगळ्या मोज्यांवरच्या पट्ट्या उलट्या शिवल्या. मडमेने पाहिलं आणि काही बोलली नाही, तशाच राहू दे म्हणाली. तेव्हा ती पुन्हा उसवून शिवायच्या मनःस्थितीतच नव्हती असं आजीचं म्हणणं.

आणि इथे मला दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच वर्षांत माझी आई आणि मामा कुठे होते? नेवासा तालुक्यात गावाकडे, आजीच्या सासूकडे. आजी दुसऱ्याची पोरं सांभाळायची म्हणून तिची स्वतःची पोरं महिन्यातून एकदा भेटायची, तेही सुट्टी मिळाली तर. साहेबाचा पोरगा कोडाईला गेला तेव्हा मडम रात्री व्हरांड्यात बसून राहायची आणि आजी पायरीवर, दोघी बोलायच्या नाहीत. आईला मात्र या गोष्टीचा राग होता, शेवटपर्यंत होता, ती म्हणायची मडमेला निदान पत्रं तरी यायची, माझ्या आईला वाचता कुठे येत होतं. मला दोघींचंही पटतं. तुमच्या लेखात मिशनरी एक तर देव नाहीतर कावेबाज, आणि नोकर म्हणजे आकडा, एवढंच असतं दरवेळी, मग ही व्हरांड्यातली रात्र कोण लिहिणार?

दर सात-आठ वर्षांनी त्यांना फर्लो मिळायचा, वर्षभर मायदेशी. ऐकायला बरं वाटतं पण तिथे जाऊन आराम नाहीच, या चर्चमधून त्या चर्चमध्ये भाषणं देत फिरायचं, मडमेने नऊवारी नेसून दाखवायची, पोरांनी स्टेजवर मराठी गाणं म्हणायचं, आणि शाळेत त्यांना सगळे हसणार कारण बेसबॉल येत नाही. परत आल्यावर धाकटी आजीला म्हणाली, तिकडे सगळे गोरेच आहेत गं. आजीला वाटलं तक्रार करतेय, ती खरंच घाबरली होती.

१९७४ ला, मी कॉलेजात होतो, आमच्या घरासमोर एक सहा फुटी गोरा माणूस रिक्षातून उतरला, अर्धं टक्कल, सोबत बायको. दारातूनच म्हणाला, "बाई, मी आले!" आम्ही सगळे बघतच राहिलो. तोच मोठा पोरगा. आजीकडून मराठी शिकलेला, म्हणून बोलायचा पण बाईसारखं, मी जेवते, मी बसते, आणि आठव्या वर्षी कोडाईला गेल्यावर इंग्रजीतच राहिल्याने मराठी तिथेच थांबलेली, पन्नाशीचा माणूस पण भाषा लहान मुलाची. माझ्या वडिलांनासुद्धा "तू कोण?" म्हणून विचारलं, वडील हेडमास्तर होते, त्यांना अशी सवय नव्हती. आजी उठली, त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि पहिला प्रश्न विचारला तो मोज्यांचा, मी उलटं नाव शिवलं होतं, तुला पोरं हसली का रे. तो म्हणाला, "नाही गं. धोब्याकडून ढीग यायचा, उलटं नाव असेल ते माझं. मी एक पण मोजा हरवला नाही." हा "मी हरवला नाही" ऐकून माझी बहीण हसली, कारण दिवसभरात तेवढंच एक वाक्य त्याचं बाईसारखं नव्हतं. मग ताटं वाढली, त्याने भाकरी कुस्करून दुधात घातली आणि बायकोला इंग्रजीत काहीतरी समजावत बसला.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा मिशन कंपाउंडात काम केलेल्या घरांमधूनही कुणाला तरी विचारा, नगर, वडाळा, राहुरी, शिरूर सगळीकडे अशी घरं आहेत, म्हातारी माणसं अजून आहेत पण दरवर्षी कमी होतायत.

आपला एक जुना वाचक,
अहिल्यानगर (आमच्यासाठी अजून नगरच)

ता. क. लेखात मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार यांना "मिसेस" छापलंय. त्या मिस होत्या, १८२७ ला एकट्या आल्या आणि १८६२ ला नगरलाच वारल्या, लग्न केलंच नाही. दुरुस्ती छापावी.