मोठ्या जाऊबाईंना, सगळ्यांसमोर थँक्यू

ताई,

फोनवर तुम्हाला थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, ठेवते, गॅसवर दूध आहे" म्हणता आणि विषय संपतो, म्हणून इथे लिहून राहिली आहे, सगळ्यांच्या समोर. दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली, आमच्या गल्लीत सगळ्यांच्या गच्चीवर गाद्या पडल्यात, ऑक्टोबरच्या उन्हात बाया घामाघूम होऊन सज्जे उपसून राहिल्यात, आणि मी यंदा पंखा लावून शांतपणे फराळाच्या सामानाची यादी करत बसली आहे. माझं घर ऑगस्टमध्येच मोकळं झालं. तुम्ही करून दिलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आमच्याकडच्या महालक्ष्म्या, पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच, 27 वर्षं इथे नागपुरातच, तुमच्या मानेवाड्याच्या घरी बसल्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण, फुलोरा, सगळं तुमच्या हातचं, आम्ही फक्त नटून जायचं आणि वाढायला मदत करायची. 2023 ला 22 सप्टेंबरला पूजन होतं, रात्री जेवणं आटोपता आटोपता साडेअकरा झाले, आम्ही निघालो तर तुम्ही म्हटलं आता कुठे जाता, पोट्टं झोपलं आहे, उद्या विसर्जन करूनच जा. आम्ही थांबलो. त्याच रात्री तो पाऊस झाला, चार तासात शंभर मिलिमीटरच्या वर, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये घुसलं आणि आमच्या तळमजल्याच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. ज्या दिवाणावर माझा मुलगा झोपतो तो दिवाण अंधारात पाण्यावर हलून राहिला होता असं शेजारच्या काकांनी सांगितलं. ताई, त्या एका रात्रीचं थँक्यू मी तुम्हाला आजपर्यंत म्हणू शकली नाही, तोंडातून शब्दच निघत नाही. आज लिहून टाकते.

पाणी ओसरलं, चिखल काढला, भिंती वाळल्या, पण घर जे भरत गेलं ते भरतच गेलं. लोकांनी खूप दिलं. कोणी ब्लँकेट, कोणी कुकर, कोणी चादरी, माहेरून भांड्यांचं पूर्ण पोतं आलं, यांच्या ऑफिसमधल्यांनी एक सेकंडहँड कूलर पाठवला. आणि पुरातून जे काही वाचलं होतं ते सगळं मी वर चढवलं, सज्जावर, कपाटावर, दिवाणात, कारण डोक्यात एकच होतं की खाली काही ठेवायचं नाही, पाणी पुन्हा आलं तर. दोन वर्षात ते काही खाली आलं नाही. मागच्या खोलीचं तर दारच अर्धं उघडायचं, तिरकं होऊन आत जावं लागायचं. दर दिवाळीला मी दोन दिवस सगळं खाली काढायची, रडायची, आणि तिसऱ्या दिवशी तेच सगळं पुन्हा वर ठेवायची.

यंदा तुमच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही फोन करून सांगितलं की या वर्षीपासून महालक्ष्म्या तुझ्याकडे. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि हॉलकडे पाहिलं तर महालक्ष्म्यांचे मुखवटे ज्यांच्यावर बसवतात त्या दोन कोठ्या उभ्या करायलाही जागा नव्हती. मी यांना सांगितलंही नाही, पण तुम्हाला कसं समजलं माहीत नाही. 31 ऑगस्टला आवाहन, आणि तुम्ही 23 तारखेला सकाळी बॅग घेऊन दारात, वॉकर न घेता, नुसती काठी. मारबतीचा दिवस होता, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, इडा पीडा घेऊन जा म्हणत मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते ती. मुलाला काळी-पिवळी मारबत आणि बडगे हे पुतळे पाहायला इतवारीकडे जायचं होतं, बाप-लेक गेले, आणि तुम्ही हॉलच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, आज दिवाण. फक्त दिवाण. बाकी कशाला हात लावायचा नाही.

हे "फक्त" मला कधी जमलं नव्हतं. मी नेहमी पूर्ण घर एकदम काढायची आणि संध्याकाळी स्वयंपाकाला जागा नसायची. तुम्ही जमिनीवर जुनी साडी अंथरायला लावली, दिवाणातली एकेक वस्तू मी काढायची, तुमच्या हातात द्यायची आणि तुम्ही एकच विचारायच्या, शेवटचं कधी वापरलं? मी काही बोलली नाही की तुम्ही थांबायच्या. घाई नाही, टोमणा नाही, "अरे बाप्पा किती हे" असं एकदाही नाही. पहिलं पोतं भरून तुम्ही त्याचं तोंड बांधलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, इडा पीडा घेऊन जा गे मारबत. मग प्रत्येक पोत्याला आम्ही दोघी म्हणत होतो. आणि तुमचा दुसरा नियम, बांधलेलं पोतं त्याच दिवशी घराबाहेर गेलं पाहिजे, कारण दारात ठेवलेलं रात्रीतून परत आत येते. खरं आहे ते, दोन वर्षं माझ्याकडे तेच होऊन राहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी ब्लँकेट निघाले. अकरा. त्यातले सात तर पिशवीतून काढलेलेच नव्हते. मी म्हटलं हे नको ताई, हे लोकांनी त्या वेळी दिले आहेत, देऊन टाकले तर त्यांना काय वाटेल, आणि मलाच कसं वाटेल. मला वाटलं तुम्ही समजावाल, तुम्ही काही बोलल्या नाही, एक ब्लँकेट उघडून मांडीवर घेतलं, नाकाला लावलं, कोंदट वास येत होता, कडेला काळे ठिपके पडले होते. मग म्हणाल्या, "ज्यांनी दिलं त्यांनी पांघरायला दिलं न व, तू काहून बुरशीला देऊन राहिली?" मी खूप रडली त्या दिवशी. तुम्ही पाणी आणून दिलं, स्वतः उठून, त्या गुडघ्यांनी. दोन दिवस सगळे ब्लँकेट गच्चीवर ऊन दाखवून, तीन ठेवून, आठ हे मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, तिथे बाहेर पेशंटचे नातेवाईक झोपलेले असतात त्यांना एकेक करून दिले. ज्या मावशींनी मला ते निळं ब्लँकेट दिलं होतं त्यांना मी नंतर फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, अजून आहेत माझ्याकडे दोन, ते पण घेऊन जा.

कबाडीवाला आला त्या दिवशी तर मी तुमच्याकडून खूप शिकली, हे बाकीच्यांनाही कामाचं आहे म्हणून लिहिते. आधी त्याच्या काट्यावर घरची पाच किलोची न फोडलेली पिठाची पिशवी ठेवून बघायची, मग आपलं सामान. पेपर वेगळा, पुठ्ठा वेगळा, दोघांचा भाव सारखा नसतो. पुरात गंजलेला जुना कूलर तसाच द्यायचा नाही, आधी मोटर आणि पंप काढून घ्यायचे, त्यात तांबं असते, सांगाडा लोखंडात जातो. बंद मोबाईल, चार्जर, सेल हे घंटागाडीत टाकायचे नाहीत, ई-कचरा घेणाऱ्यांकडे वेगळे द्यायचे. मी म्हटलं एवढुसे सेल कोण पाहते, तर तुम्ही म्हणाल्या तुझ्या घरातून गेलं म्हणजे गेलं असं नाही, भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाऊन पडते आणि तिथेही लोक राहतात. मुलाची आणि यांची भिजून एकमेकांना चिकटलेली कागदं तुम्ही फेकू दिली नाहीत, तासभर बसून सुईने एकेक पान सोडवलं. यांची बारावीची मार्कशीट नाहीच सुटली, ती आता डिजिलॉकरवरून काढू.

आणि तांदळाच्या जुन्या डब्यात, तळाला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन हजाराच्या तीन नोटा! पुराच्या आठवडाभर आधी मी बँकेत बदलायला म्हणून ठेवल्या होत्या आणि नंतर वाहून गेल्या असंच धरून चालली होती. मला वाटलं आता कागदच झाला, पण तुम्हाला माहीत होतं की बँकेत नाही तरी रिझर्व्ह बँकेच्या ऑफिसात अजून बदलतात आणि ते ऑफिस आपल्या नागपुरातच आहे. हे आयडी घेऊन गेले आणि पैसे झाले. त्या सहा हजारातून दोन्ही महालक्ष्म्यांच्या, ज्येष्ठा-कनिष्ठाच्या साड्या आपण गांधीबागेतून घेतल्या, एक हिरवी, एक जांभळी. तुम्ही दुकानात खुर्चीवर बसून पदर हाताने दाबून पाहत होत्या, चुण्या नीट बसतील का म्हणून, ते मी विसरणार नाही.

सासूबाईंची समई सज्जावरच्या पेटीत होती, तिच्या वातीच्या खाचांमध्ये अजून पुराचा गाळ होता, वाळून राखाडी झालेला. मी चिंच लावून घासत होती, तो निघत नव्हता, तुम्ही उदबत्तीची काडी मागितली आणि एकेक खाच कोरून काढली. पाच खाचा. बशीत चिमूटभर माती जमली. ती तुम्ही नळाखाली नाही सोडली, तुळशीत टाकली, काही न बोलता.

मग आवाहन. मला वाटत होतं की महालक्ष्म्या बसवायला हॉलमध्ये जागा झाली म्हणजे झालं. पण दारातून मुखवटे आत आणताना तुम्ही म्हटलं थांब, आधी घर दाखव. मी ज्येष्ठा घेतली, तुम्ही एका हातात काठी आणि एका हातात कनिष्ठा, मुलगा ताट वाजवत पुढे, आणि कुंकवाची पावलं स्वयंपाकघरातून, बेडरूममधून थेट मागच्या खोलीपर्यंत. तिथे दार पूर्ण उघडलं. भिंतीला टेकलं. दोन वर्षांनी मी त्या दाराचा तो आवाज ऐकला. खोलीत गव्हाची कोठी, सासूबाईंची पेटी आणि खिडकीतून येणारा उजेड, बाकी काही नाही. तुम्ही विचारलं, इथे काय आहे? मी रिवाजाप्रमाणे म्हणायचं ते म्हटलं, उदंड आहे. माझा आवाज फाटला, तुम्हाला ऐकू गेला असेल.

27 वर्षं ज्या तुमच्या घरी होत्या त्या तुम्ही माझ्या हातात दिल्या, आणि देण्याआधी आठ दिवस खुर्चीवर बसून त्यांच्यासाठी माझं घर रिकामं करून दिलं. मानेवाड्याच्या तुमच्या हॉलमधला तो कोपरा यंदा कसा वाटला असेल, हे मी तुम्हाला विचारलं नाही, आणि विचारायला पाहिजे होतं.

दिवाळीला इकडेच या. तुम्ही आल्याशिवाय अनारसे तळायला घेणार नाही, पीठ तेवढं भिजवून ठेवते. दिवाणाची डावी बाजू मी रिकामी ठेवली आहे, तिथे फक्त तुमची गादी आणि ती पातळ चादर आहे, धुऊन घडी करून. बाथरूममध्ये यांनी कमोडच्या बाजूला धरायला स्टीलचा दांडा लावून घेतला आहे, मी स्वतः लटकून पाहिलं, पक्का आहे.

तुमची,
धाकटी