कोटीभर लिटर आले कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजापूरच्या जमिनीखालच्या पाटांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. आदिलशाहीत तोरवीकडून शहरात पाणी कसे आणले, वाटेतल्या उभ्या विहिरींतून उतरून गाळ कसा उपसत, हे वर्णन झकास. पण भुयाराची रुंदी-उंची गुणून 'रोज कोटीभर लिटर' काढले आहेत, ते काही पटले नाही. माझी नोकरी कालव्यावर झाली, म्हणून लिहितो.

भुयाराची उंची खोदणाऱ्याच्या सोयीची असते. वाकून आत शिरता आले पाहिजे, म्हणून तेवढे उंच. पाणी तळाशी वाहते. समजा रुंदी ६० सेंमी, उंची दीड मीटर आणि पाणी १० सेंमी. कडब्याच्या धाटाचा तुकडा सोडला आणि १० मीटर जायला त्याला ५० सेकंद लागले. हा झाला वरच्या पाण्याचा वेग. तळाला आणि भिंतीला पाणी रेंगाळते, म्हणून तो ०.८५ ने गुणायचा. हिशेब येतो सेकंदाला १० लिटर, दिवसाला पावणेनऊ लाख. तेच भुयार छतापर्यंत भरलेले धरा, की झाले सव्वा कोटीच्या वर! बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात, म्हणजे तिथल्या अशाच जमिनीखालच्या पाटांत तर भिंतींवर चुन्याचे थर चढून वाटच अरुंद होत गेली आहे. तिथे मूळ मापे धरली तर आणखी घोटाळा.

शिवाय मोजले कधी? लेखातल्या फोटोत झुडपे हिरवीगार आहेत. हे पाणी भूजलाचे. आपल्याकडे हस्ताचा पाऊस चांगला झाला तर दिवाळीत जोर असणारच. वैशाखात, आजूबाजूची बोअर चालू असताना मोजा आणि मग बोला.

जुन्या कागदांत लिटर सापडणार नाहीत. इराणात अशाच पाटांच्या पाण्यासाठी भोकाचे भांडे पाण्यात सोडून, ते बुडेपर्यंतचा वेळ धरून पाळ्या वाटत. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्ताला घटिकापात्र असे, तसेच. पाणी वाढो की आटो, वाटा बिघडत नाही. आपल्या कालव्यावरच्या वारबंदीतही, म्हणजे शेतकऱ्यांना पाळीपाळीने पाणी देण्याच्या पद्धतीतही, पाळी तासांवरच ठरते.

लिटरच हवे असतील तर पाणी बाहेर पडते तिथे व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराची खाच कापलेला पत्रा, आडवी बसवावी. नव्वद अंशांच्या खाचेवरून १० सेंमी पाणी गेले तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर. ५ सेंमी गेले तर पाऊण लिटरच. उंची निम्मी झाली की प्रवाह पाचव्या हिश्श्याच्याही खाली जातो, म्हणून पट्टी नीट वाचावी लागते, तीही खाचेला लागून नव्हे, थोडी मागे. पुढच्या वेळी आकडा छापताना शेजारी मोजणीची तारीख आणि जागा छापावी, एवढी विनंती. पत्रा सोलापुरात कुठलाही पत्रेवाला कापून देईल, फक्त कोन गुण्याने तपासून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त कालवा निरीक्षक, सोलापूर