नरक्याचा काढा म्हणजे औषध नव्हे

मा. संपादक,
स. न.

नरक्याच्या चोरट्या तोडीची बातमी आली, की तीत 'कर्करोगावर गुणकारी झाड' हे शब्द हमखास असतात. त्या शब्दांनी काय होतं, ते मी घरात अनुभवलं. ह्यांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर केमो चालू असताना एक नातेवाईक पिशवीभर फिकट ढलप्या घेऊन आले. "घाटातला नरक्या आहे. रोज कपभर उकळून द्या, केमो लागणार नाही." माया खरी होती, म्हणून रागावताही येईना.

ह्यांना तेव्हा इरिनोटेकॅन हे केमोचं औषध चालू होतं. ते नरक्यातल्याच कॅम्प्टोथेसिनपासून बनतं! हा घटक १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळा काढला. पण तो पाण्यात विरघळत नाही. विरघळावा म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला, तर रेणूतलं महत्त्वाचं कडं उघडून जोर गेला. लघवीतल्या आम्लाने तेच कडं पुन्हा जुळून मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं. चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे संशोधकांनी कडं तसंच राखून दुसऱ्या बाजूला पाण्यात विरघळणारा तुकडा जोडला. तो शरीरात, मुख्यतः यकृतात, सुटतो आणि कर्करोगाच्या पेशी मारणारा खरा रेणू मोकळा होतो. हेच इरिनोटेकॅन. अमेरिकेत त्याला मान्यता मिळेपर्यंत १९९६ उजाडलं.

एवढं सुधारलेलं औषधसुद्धा मोजून, आधी पोटातला मुरडा आवरणारं अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन देऊन, दीड तास सलाईनमधून चढवत. त्याने जोराचे जुलाब लागतात, म्हणून 'पहिल्या जुलाबालाच जुलाब थांबवणाऱ्या दोन गोळ्या, मग दर दोन तासांनी एक' असं सिस्टरनी लिहून दिलेला कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे. त्या रात्री मी गजर लावून उठत होते. मग कपभर काढ्यात किती विष उतरलं, हे कोण मोजणार? पांढऱ्या पेशी किती घसरल्या, हे कोण तपासणार?

ढलप्या मी परसात खोल पुरल्या. आपल्याला विनंती एवढीच, की नरक्याची बातमी छापताना सोबत एक ओळ घालावी : यातला घटक विषारी आहे, त्याचं औषध प्रयोगशाळेत रूप बदलून होतं, चुलीवर उकळून होत नाही. पिशवी आणणारे आमचे नातेवाईकही आपलंच वर्तमानपत्र वाचतात.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सावंतवाडी