मामा, त्या पावतीबद्दल मनापासून आभार

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती. गेटवर सगळ्यांनी हार घातले, फोटो झाले, पण तुमच्याशी दोन शब्द बोलायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितेय, कारण रबाळे, महापे, दिघा इथल्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणाऱ्या कितीतरी बायका अजून म्हणतात, "युनियन परमनंटवाल्यांची, आपला काय संबंध?" मीही तेच म्हणत होते.

माझी भीती तुम्हाला ठाऊक होती. बाबा लालबागला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. बाबा पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. ठाण्यात वॉचमन म्हणून रात्री काढल्या. घरात कुणी युनियनचं नाव काढलं की आई उठून आत जायची. त्यामुळे टपरीवर तुम्ही पहिल्यांदा युनियनच्या वर्गणीचं पावती पुस्तक पुढे केलंत, तेव्हा मी चहा अर्धा टाकून निघून गेले. तुम्ही रागावला नाहीत. परत विचारलंही नाहीत.

मग 2018 चा तो पावसाळा. तुम्ही माझी पगाराची स्लिप हातात घेऊन एकेक ओळ समजावलीत. 9,000 वर 12 टक्के, म्हणजे महिन्याला 1,080 रुपये माझे पीएफसाठी (भविष्य निर्वाह निधी) कापले जात होते. तेवढाच वाटा मालकाने घालायचा, त्यातले पगाराच्या 8.33 टक्के पेन्शनला जातात. हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मोबाईलवर यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, चालू करून दिलात, पीएफचं पासबुक उघडलं, तर चौदा महिने कोरे! नुसते माझ्या पगारातले 15,120 रुपये. मुलीच्या कॉलेजसाठी मी मनात बाजूला ठेवलेले पैसे होते ते.

मी एकटीच ठेकेदाराकडे गेले. तो म्हणाला, "पटत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस." त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत ते प्रत्येक कंत्राटी कामगाराला माहीत असायला हवं. ठेकेदाराने पीएफ भरला नाही, तर तो भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. पगार थकवला तरी तेव्हाच्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने तेच होतं. आणि कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. म्हणजे मी चुकीच्या दारात उभी होते. पण कंपनीच्या मॅनेजरसमोर ठेकेदाराच्या हेल्पर बाईला कोण उभं करणार? तिथे युनियन लागली. तुम्ही लेटरहेडवर पत्र दिलंत, तेवीस बायकांच्या स्लिपा जोडल्यात, वाशीला पीएफ ऑफिसात तक्रारीची पोच घेतलीत. कंपनीने ठेकेदाराचं बिल अडवलं. पाच महिने लागले, पण सगळ्यांचे पैसे खात्यात आले.

तरी मी सभासद झाले ती त्यामुळे नाही. तुम्ही एकदा सहज विचारलंत, "तुझे काका तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटात माथाडी ना? त्यांचा मालक कोण?" मला उत्तर देता येईना. रोज वेगळ्या गाळ्यावर गोणी वाहणाऱ्या माणसाला एक मालक नसतोच. तरी काकांना पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे, कारण अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र आणलं, 1969 चा माथाडी कायदा झाला, आणि व्यापारी मजुरीवर लेव्ही, म्हणजे वरची ठरावीक रक्कम, भरतो ती माथाडी बोर्डात जमा होते. एकाच घरात बाबांचं संपात सगळं गेलं आणि काकांचं म्हातारपण संघटनेमुळे सावरलं. मी आयुष्यभर फक्त बाबांकडे पाहत आले होते.

सगळं मिळालं असं मी म्हणणार नाही. त्या तेवीसपैकी चौघींना पुढच्या कंत्राटात ठेकेदाराने घेतलं नाही, आणि आपल्याला त्यांना परत आणता आलं नाही. वेतन करार झाला तो परमनंटवाल्यांचा. त्या मीटिंगमध्ये तुम्ही आमच्यासाठी भांडलात आणि तुमच्याच माणसांनी तुम्हाला गप्प केलं, हे मी दाराशी उभी राहून ऐकलं आहे. त्याबद्दलही आभार, मामा. ते सोपं नव्हतं.

दर महिन्याला वीस रुपये घेऊन तुम्ही प्रत्येकीला पावती दिलीत. आमच्यातली एखादी म्हणायची, "राहू द्या हो मामा," तरी फाडून हातात द्यायचात. आता पॅकिंगचं पावती पुस्तक माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात एक नवी मुलगी चहा अर्धा टाकून निघून गेली. मी काही बोलले नाही. तिची स्लिप मात्र बघून ठेवली आहे, ओव्हरटाइम दुप्पट दराने लावलेला नाही. रविवारी फोन करते, पत्राचा मजकूर तेवढा सांगा.

तुमची,
पॅकिंगमधली भाची