आभाळात फुगे सोडण्याची सरकारी नोकरी

महोदय,

लष्कर, शासकीय सेवा आणि विमान वाहतूक या क्षेत्रांतील नोकऱ्यांविषयी आपल्या पुरवण्यांत परीक्षेचा अभ्यासक्रम, वयोमर्यादा आणि वेतनश्रेणी यांची माहिती नेमाने येते. परंतु रुजू झाल्यावर माणूस दिवसभर नेमके काय करतो, आणि त्यात किती गंमत असते, हे विद्यार्थ्यांपर्यंत क्वचितच पोहोचते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाचेच पाहावे. मुंबई, नागपूर, रत्नागिरी, पणजी अशा केंद्रांवरून आभाळात फुगे सोडणे हे तेथील कर्मचाऱ्यांचे अधिकृत कर्तव्य आहे. पहाटे व सायंकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी जगभरातील केंद्रे एकाच सुमारास हे काम करतात, कारण त्या वेळा ग्रिनिच प्रमाणवेळेच्या शून्य आणि बारा वाजण्याशी जुळवलेल्या आहेत. म्हणून दिवाळीची पहाट असो वा मुसळधार पाऊस, फुगा वेळेवर सुटावाच लागतो. त्याला टांगलेली छोटी पेटी तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याची माहिती रेडिओवरून खाली पाठवत राहते आणि वैमानिकांना मिळणारा वरच्या वाऱ्यांचा अंदाज अशाच नोंदींवर उभा असतो. वर हवेचा दाब घटत जातो तसा फुगा फुगत जातो आणि साधारण तीस किलोमीटर उंचीवर फुटतो. मग ती पेटी एखाद्या शेतात उतरते, गावात बॉम्बची आवई उठते, कधी पोलीसही धावून येतात. खरे तर शाळेतील मुलांनी ती हाती घेऊन पाहावी, इतकी ती निरुपद्रवी असते.

थिओडोलाइट दुर्बिणीतून नुसत्या फुग्याचा माग घेऊन वारा मोजण्याची जुनी पद्धत तर मला अधिकच मोहक वाटते. निरभ्र आकाशात पांढरा फुगा, ढगाळ दिवशी लाल किंवा काळा, आणि रात्री दिसावा म्हणून त्याखाली चक्क कागदी कंदील!

पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी अलिबागची चुंबकीय वेधशाळाही अशीच विलक्षण. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्यातील नाजूक चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून 1904 मध्ये ती समुद्रापार उभारली गेली, तीही लोखंड कटाक्षाने टाळून. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्याला खिशातील किल्ल्यांचेही भान ठेवावे लागते, हे कोणत्या जाहिरातीत छापून येते?

पुण्यात ‘सिमला ऑफिस’ चौकातून रोज हजारो लोक जातात. हवामान विभागाचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून येथे आले, म्हणून ते नाव पडले, हे त्यांतील अनेक तरुणांना ठाऊक नसते. त्याच वास्तूत आजही चालणाऱ्या कामाविषयी मग त्यांना कुतूहल वाटावे तरी कसे? भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्याला अशा कामाची ओढ वाटू शकते, पण त्यासाठी ते काम त्याला कोणीतरी दाखवले पाहिजे.

आपण पुढील करिअर पुरवणीत वेतनश्रेणीच्या तक्त्याशेजारी या कर्मचाऱ्यांच्या एका दिवसाचे सविस्तर वर्णन, शक्यतो त्यांच्याच शब्दांत, प्रसिद्ध करावे, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे